इरावतीबाईंची आठवण स्कूटरपाशी थांबू नये

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

मानववंशशास्त्रज्ञ आणि लेखिका इरावती कर्वे यांची जयंती १५ डिसेंबरला आणि स्मृतिदिन ११ ऑगस्टला असतो. या दोन्ही दिवशी त्यांच्याविषयीचे मजकूर भ्रमणध्वनीवर भराभरा येऊ लागतात आणि ते वाचून मला दर वेळी थोडे बरे वाटते, थोडी रुखरुखही लागते. या मजकुरांत दोन गोष्टी हमखास असतात. पहिली अशी की पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्या त्या पहिल्या बाई होत्या, कुंकू लावत नसत आणि मंगळसूत्र घालत नसत. दुसरी अशी की एवढ्या मोठ्या विदुषीलाही अखेर ‘कर्व्याची आई’ म्हणवून घेण्यातच जीवनाची परिपूर्ती लाभली. दोन्ही गोष्टी निराधार नाहीत. पण त्या अशा शेजारीशेजारी मांडल्या की पहिलीतली बंडखोर बाई दुसरीत येऊन गुपचूप घरी बसते आणि वाचणाऱ्याला हायसे वाटते. माझी तक्रार या हायसे वाटण्याबद्दल आहे. इरावतीबाईंचा मोकळेपणा आणि त्यांचे आईपण ही एकाच बाईची, एकाच घरातली, एकाच कामात गुंतलेली गोष्ट होती, आणि ती तशीच आठवली जावी, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

त्यांचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातल्या मिंजान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तेथे अभियंता होते, आणि पाच भावांत एकटी असलेल्या या मुलीला तेथल्या मोठ्या नदीचे नाव मिळाले. सातव्या वर्षी शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेच्या मुलींच्या शाळेत आल्यावर गणितज्ञ रँग्लर परांजपे यांच्या पत्नीने तिला आपली मुलगी शकुंतला हिच्या बरोबरीने घरात वाढवले. म्हणजे जन्मदात्रीपासून दूर, दुसऱ्या बाईच्या मायेत वाढलेली ही मुलगी होती. आईपण रक्तावरच अवलंबून असते असे नाही, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नसणार. रँग्लर परांजपे हे पक्के नास्तिक आणि बुद्धिवादी होते. त्यांच्यावर इरावतीबाईंनी पुढे ‘दुसरे मामंजी’ या नावाचा जो लेख लिहिला, त्यात आदर आणि जवळीक यांचे इतके सुरेख मिश्रण आहे की व्यक्तिचित्रे लिहू इच्छिणाऱ्यांनी तो आधी वाचावा, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आले.

फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतल्यावर मुंबईला घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी समाजशास्त्राचा अभ्यास केला आणि महर्षी कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे जर्मनीला जाऊन डॉक्टरेट करण्याचा प्रश्न आला तेव्हा स्त्रीशिक्षणासाठी हयात वेचलेल्या सासऱ्यांनीच सुनेच्या परदेशगमनाला विरोध केला. दिनकररावांनी मात्र तो मानला नाही आणि पत्नीला पाठवले. खर्चासाठी काँग्रेस नेते जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घ्यावे लागले. बर्लिनला मानववंशशास्त्राच्या ज्या संस्थेत त्या गेल्या, तिचे प्रमुख ऑयगेन फिशर होते. वंशश्रेष्ठत्वाच्या ज्या विचाराने पुढे युरोपात हाहाकार माजवला, त्या विचाराचे हे एक मोठे पुरस्कर्ते. मानवी कवटीची डावी आणि उजवी बाजू सारखी नसते, त्या असमानतेचा संबंध वंशाशी लावता येतो का, हे विद्यार्थिनीने कवट्या मोजून पाहायचे होते. इरावतीबाईंनी त्या मोजल्या आणि तसा काही संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष आपल्या गुरूच्या अपेक्षेविरुद्ध लिहून दिला. परक्या देशात, परक्या भाषेत, कर्जाच्या पैशांवर शिकणाऱ्या पंचविशीच्या आतबाहेरच्या बाईने हे केले. मोकळ्या वृत्तीचे उदाहरण द्यायचे तर ते हे द्यावे.

स्कूटरबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण तिच्याभोवतीच सगळे फिरते. इरावतीबाई १९३९ पासून अखेरपर्यंत डेक्कन कॉलेजात होत्या आणि ते कॉलेज येरवड्याला आहे. नदीच्या अलीकडे, फर्ग्युसनच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला त्या काळी येरवडा म्हणजे परगावच वाटत असणार. संध्याकाळी घर आणि मुले गाठायची असणाऱ्या बाईला वाहन लागतेच, आणि आज पुण्यात लक्षावधी मुली त्याच कारणासाठी गाडी चालवतात. तेव्हा स्कूटरवरची इरावतीबाई ही कामावर निघालेली बाई होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या चित्रातला नाटकीपणा जातो आणि चित्र खरे होते. असो.

त्यांच्या घराविषयी जे प्रसिद्ध आहे त्यातली एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त बोलकी वाटते. जाई, आनंद आणि गौरी ही तीन मुले आईला ‘इरू’ आणि वडिलांना ‘दिनू’ अशी सरळ नावाने हाक मारीत. त्या काळच्या पुण्यात हे ऐकून किती भुवया उंचावल्या असतील याची कल्पनाच केलेली बरी. आजही आमच्या सोसायटीत एखाद्या मुलाने आईला नावाने हाक मारली तर चार घरी चर्चा होईल. यातली गंमत अशी की नात्यांची नावे गोळा करणे हेच इरावतीबाईंच्या आयुष्यातले एक मोठे काम होते. १९५३ साली निघालेल्या भारतातील आप्तसंबंधांवरच्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथासाठी त्यांनी उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे देशाचे भाग धरून कोणत्या भाषेत दिराला काय म्हणतात, मामेभावाशी लग्न कोठे चालते आणि कोठे चालत नाही, सासरी आलेली मुलगी कोणासमोर तोंड झाकते आणि कोणासमोर झाकत नाही, असा बारीकसारीक तपशील गोळा केला. ज्या बाईला मावशी, आत्या, नणंद, जाऊ या प्रत्येक हाकेमागे कोणता हक्क आणि कोणता धाक दडलेला आहे हे देशभरचे ठाऊक होते, तिने आपल्या घरात मात्र धाकाच्या हाकेला फाटा दिला. मुलांशी असलेले नाते हाकेच्या आधाराने टिकवावे, असे तिला वाटले नाही.

यात दिनकररावांचा वाटा फार मोठा होता आणि तो सांगितल्याशिवाय हे पत्र अपुरे राहील. ते स्वतः रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते, फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, तरीही पत्नीचे काम आपल्या कामाइतकेच महत्त्वाचे आहे हे त्यांनी धरून चालवले. ‘यशस्वी पुरुषाच्या मागे स्त्री’ हे वाक्य आपण उठताबसता ऐकतो. येथे उलट्या बाजूने तेच घडले आणि त्याचा कोणी गाजावाजा केला नाही.

आता ‘परिपूर्ती’विषयी. हा ललितलेख अनेकांनी विद्यार्थिदशेत वाचलेला असतो आणि त्याचा शेवट बहुतेकांना आठवतो. एका समारंभात लेखिकेची ओळख करून दिली जाते. महर्षींची सून, प्राचार्यांची पत्नी, स्वतः विदुषी, असे सगळे सांगून झाले तरी तिला काहीतरी राहिल्यासारखे वाटते. मग रस्त्याने जाताना शाळकरी पोरे आपसांत कुजबुजतात की ही बाई आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई आहे, आणि ती ओळख पूर्ण होते. हा शेवट वाचून कितीतरी जणांनी, आणि मला खेदाने म्हणावे लागते की कितीतरी जणींनी, असा अर्थ काढला की बाई शेवटी आई झाल्यावरच पूर्ण होते. मी हा लेख वर्गात अनेकदा शिकवला आहे आणि मला त्यात हे कधीच दिसले नाही. समारंभातल्या सगळ्या ओळखी मोठ्या नावांच्या उसनवारीवर उभ्या आहेत. सासऱ्यांचे नाव मोठे, पतीचे पद मोठे, आणि विद्वत्तेची ओळखसुद्धा त्याच पंक्तीत बसवलेली. वर्गातल्या त्या कर्व्याचे मात्र अजून काहीच मोठे नाही. त्याच्या नावाने ओळखले जाण्यात प्रतिष्ठा नाही, वारसा नाही, आणि त्या पोरांना महर्षी कोण हे ठाऊक असण्याचेही कारण नाही. लेखिकेला जे सुख झाले ते या साधेपणाचे आहे. शिवाय संपूर्ण लेखभर एक मिस्कील हसू आहे, आणि ते ज्याला ऐकू आले नाही त्याने निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

आईपणाविषयी त्या किती निर्भीड होत्या हे पाहायचे असेल तर ‘युगान्त’ उघडावे. महाभारतातल्या व्यक्तींवरचे हे पुस्तक १९६७ साली आले, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि त्याचे इंग्रजी रूप त्यांनी स्वतःच केले. त्यातली कुंती ही दुःख सोसणारी माउली म्हणून समोर येत नाही; एकापाठोपाठ एक पुरुषांनी, वडिलांपासून मुलांपर्यंत, जिच्या आयुष्याचा व्यवहार केला अशी एक हिशेबी आणि कणखर बाई म्हणून येते. गांधारीने डोळ्यांवर बांधलेली पट्टी पिढ्यान्‌पिढ्या पातिव्रत्याची खूण म्हणून पूजली गेली. इरावतीबाईंनी त्या पट्टीतला संताप पाहिला, आणि शंभर मुलांच्या आईने आपल्या मुलांचे तोंडही पाहिले नाही, या गोष्टीची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न अखेरच्या वनवासातल्या प्रसंगात उभा केला. ज्या लेखिकेला आईपण हे देव्हाऱ्यात ठेवण्याची वस्तू वाटत असते, ती असे लिहीत नाही. स्वतः तीन मुलांची आई असलेल्या, नातवंडे पाहिलेल्या बाईने ते लिहिले, म्हणून त्याला वजन आहे.

त्यांच्या स्वभावातली माया मात्र कोठे लपत नाही, आणि ती घराच्या भिंतींत मावतही नाही. आळंदीहून पंढरपूरला दिंडीबरोबर चालत गेल्यावर त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. ज्या देशाचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, ही त्यातली व्याख्या आपण भाषणांतून फार वापरतो. त्या व्याख्येच्या आसपास जे आहे ते कोणी वापरत नाही. दिंडीत ब्राह्मण आणि मराठा एकत्र चालत, एकत्र अभंग म्हणत. जेवणाची वेळ आली की मात्र पंक्ती वेगळ्या होत. हे त्यांना सहन झाले नाही. त्या मराठा बायकांबरोबर जेवल्या, आणि त्यानंतर त्या बायका अधिक मोकळ्या झाल्या, हात धरून चालू लागल्या, आपली सुखदुःखे सांगू लागल्या, ‘ताई’ म्हणू लागल्या. आम्ही पुण्याला तुमच्याकडे येऊ, असे त्यांनी सांगितले. तेव्हा त्यांच्यातल्या एका तरुण मुलीने विचारले की तेथेही तुम्ही आमच्याशी अशाच वागाल का. हा प्रश्न आपल्या मनाला किती लागला हे इरावतीबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्या लेखात त्या उपदेश करत नाहीत, आपण फार मोठे काही केले असे सुचवत नाहीत. प्रश्न तसाच ठेवतात. आमच्या सुशिक्षित घरांतून कामाला येणाऱ्या बायकांचे कप आजही वेगळे असतात, आणि म्हणून तो प्रश्न अजून शिळा झालेला नाही.

याच विठ्ठलाला त्यांनी पुढे एका लेखात ‘बॉयफ्रेंड’ म्हटले. हे वाचून काही भाविक दचकतात, काही बुद्धिवाद्यांना अवघडल्यासारखे होते, आणि दोघांनाही अवघडवण्याची ताकद असलेली ही बाई मला फार आवडते. रँग्लरांच्या नास्तिक घरात वाढूनही पंढरपूरची ओढ तिने लपवली नाही, आणि ओढ असूनही पूजाअर्चा, सोवळेओवळे यांचा घरात शिरकाव होऊ दिला नाही. जनाबाईने विठ्ठलाला शिव्या दिल्या, त्याच्याकडून दळण दळून घेतले. तिच्या कुळातलीच ही सलगी आहे.

घर आणि काम या दोन गोष्टी त्यांनी कशा एकत्र जगल्या याचा सगळ्यांत ठोस पुरावा ललितलेखात नाही, एका रूक्ष वाटणाऱ्या अहवालात आहे. कोयना धरणाने विस्थापित झालेल्या लोकांच्या पाहणीचे पुस्तक १९६९ साली, त्यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, प्रसिद्ध झाले आणि त्यावर लेखिका म्हणून दोन नावे आहेत: इरावती कर्वे आणि जाई निंबकर. आई आणि मुलगी. धरणाने उठवलेली माणसे कोठे गेली, एका गावची घरे किती ठिकाणी विखुरली, जमिनीच्या बदल्यात हातात काय पडले, या प्रश्नांचा मागोवा या दोघींनी घेतला. देशात धरणांचे कौतुक चालू होते आणि विस्थापितांची चळवळ हा शब्दही रूढ झाला नव्हता, त्या काळातले हे काम आहे. आई आपल्या मुलीला दागिने देते, घर देते. इरावतीबाईंनी जाईला आपल्या कामात बरोबरीची जागा दिली.

मुलांना कोणत्या दिशेने जायचे याची सक्ती त्या घरात झालेली दिसत नाही, कारण तिघांच्या दिशा तीन आहेत. जाई निंबकर फलटणला राहिल्या आणि मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांत कथा-कादंबऱ्या लिहीत राहिल्या. आनंद कर्वे वनस्पतिशास्त्राकडे वळले आणि ग्रामीण भागासाठी सोपे तंत्रज्ञान तयार करण्याचे त्यांचे काम जगभर नावाजले गेले. गौरी देशपांडे यांनी तर मराठी कादंबरीतल्या नायिकेला स्वतःच्या मनाने जगायला, चुकायला आणि चुकीची कबुली न द्यायला शिकवले. शिवाय अरबी कथांचे सोळा खंड मराठीत आणण्याचे अवाढव्य काम एकटीने केले. नातवंडांतही तीच पसरण दिसते. कोणी शेती आणि पशुपालनाच्या संशोधनात गेले, कोणी शिक्षणात. प्रियदर्शिनी कर्वे यांनी धूर न ओकणाऱ्या चुली आणि स्वच्छ इंधन हा विषय हाती घेतला. चुलीच्या धुराने डोळे चुरचुरणाऱ्या बाईचा विचार भौतिकशास्त्राच्या अंगाने करणारी नात मिळणे, हे आजीचे भाग्यच म्हणायचे. अर्थात ते पाहायला आजी नव्हती.

इरावतीबाई १९७० साली गेल्या तेव्हा त्यांचे वय चौसष्ट होते. नातवंडांना ही आजी फार थोडी वर्षे मिळाली. तरीही गौरीबाईंच्या कन्या ऊर्मिला देशपांडे यांनी थियागो पिंटो बार्बोसा या अभ्यासकाच्या साथीने २०२४ साली आजीचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले आणि त्याला नाव दिले ‘इरू’. घरातली हाकच मुखपृष्ठावर आली. त्या चरित्राची मला आवडलेली बाजू ही की नातीने आजीला ओवाळलेले नाही. बर्लिनमधल्या त्या संस्थेत कोणत्या प्रकारचे विज्ञान चालत होते, तेथे साठवलेल्या कवट्या कोठून आणल्या गेल्या होत्या, या अवघड प्रश्नांना ते पुस्तक बगल देत नाही. वंशाचा सिद्धान्त नाकारून आल्यानंतरही इरावतीबाई जातीजमातींची शरीरमापे घेत राहिल्या, यावरही अभ्यासकांनी आक्षेप घेतलेले आहेत. ते आक्षेप वाजवी आहेत असे माझे मत आहे. हे मत बाळगूनही मला त्या कमी प्रिय झाल्या नाहीत. ज्या घरात आईला नावाने हाक मारून तिच्याशी वाद घालता येत होता, त्या घरातल्या माणसाबद्दल मोकळेपणाने बोलायला आपण का कचरावे?

माझी आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. येत्या स्मृतिदिनी इरावतीबाईंवर चौकट छापताना स्कूटरचा उल्लेख जरूर करावा, परंतु शेजारी त्यांचे स्वतःचे एक पान तरी द्यावे. ‘वाटचाल’मधला जेवणाचा प्रसंग पुरेल. कोयनेच्या पाहणीचा सारांश पाटण आणि जावळीच्या वाचकांपर्यंत पोहोचेल अशा रीतीने आपल्या सातारा आवृत्तीत आला तर फारच उत्तम, कारण ज्यांच्या आजी-आजोबांच्या घरांवर आज कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचे पाणी आहे, त्यांच्यासाठीच ते लिहिले गेले होते. आणि ‘परिपूर्ती’ छापायचा झाला तर कृपया संपूर्ण छापावा, नुसता शेवट नको.

आपली विश्वासू,
मराठीची एक निवृत्त शिक्षिका,
पुणे